पंधरा टक्के इकडेतिकडे

माणूस माकडापासून वेगळा झाला तो शेपूट गळून पडल्यामुळे नव्हे, तर मोजायला लागल्यामुळे. ज्या दिवशी कुणीतरी एका हातात दगड आणि दुसऱ्या हातात धान्य धरून ‘हे जड’ असं म्हटलं त्या दिवशी संस्कृती सुरू झाली, आणि ज्या दिवशी त्याने तो दगड आतून हळूच पोखरून ठेवला त्या दिवशी ती पूर्णत्वाला गेली, हा सिद्धान्त त्याने वजनमापे खात्यातल्या आपल्या नोकरीत अनेक निरोप समारंभांमध्ये मांडला होता, स्वतःच्याही, आणि आता औषधाच्या दुकानात काउंटरवर कोपर टेकून तो पुन्हा मांडायच्या बेतात होता. तेवढ्यात मागच्या बाई म्हणाल्या, “काका, तुमचं चालू द्या, मला नुसतं खोकल्याचं औषध हवंय,” आणि त्याच्या खांद्यावरून त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली. संस्कृती बाजूला झाली. खोकल्याचं औषध मिळालं, बाई गेल्या, आणि तो पुन्हा साखर मोजायच्या मशीनच्या चार खोक्यांसमोर एकटा उरला. खोकी तळहाताएवढी होती आणि प्रत्येकावर एक म्हातारं जोडपं हसत होतं. साखर झाल्यावर माणसं इतकी का हसतात हे त्याला कळेना. “ह्याची चूक किती?” त्याने विचारलं. औषधवाला म्हणाला, “चूक म्हणजे?” “म्हणजे रक्तात खरं शंभर असेल तर हे किती दाखवेल?” “शंभराच्या आसपास दाखवेल की.” “आसपास म्हणजे?” “पंधरा टक्के इकडेतिकडे. सगळीच तशी असतात, काका. घरच्या घरी तेवढं चालतं.” त्याने काउंटरची कड धरली. पंधरा टक्के. शंभराला पंधरा मारणाऱ्या दुकानदाराला त्याच्या वेळी लोकांनी दुकानातच तुडवला असता, खात्याची वाटसुद्धा बघितली नसती. औषधवाला म्हणाला, “तुम्ही मला ओळखलं नाहीत. कोपऱ्यावरचं किराणा दुकान आमचंच. वडिलांचा काटा तुम्ही उचलून नेला होतात.” “असेल,” तो म्हणाला, “किती खात होता?” “शंभराला दोन,” औषधवाला म्हणाला, आणि त्याने एक खोकं अतिशय प्रेमाने पुढे सरकवलं.

मुळात तो डोळा दाखवायला गेला होता. मोतीबिंदू पिकलाय, काढून टाकू, असं ठरलं, आणि डोळ्याच्या आधी रक्त तपासतात म्हणून रक्त दिलं. दिलं ते विसरूनही गेला. मग एक डॉक्टरीणबाई, त्याच्या मुलीच्या वयाची, रिपोर्टवरून नजर न काढता म्हणाली, “काका, तुम्हाला शुगर आहे.” तुमच्याकडे पाहुणे आलेत, असं सांगावं तशी. त्याने सवयीने विचारलं, “किती?” तर तिने एक आकडा सांगितला आणि वर म्हणाली की ही तीन महिन्यांची सरासरी आहे. सरासरीवर त्याचा कधीच विश्वास नव्हता. सरासरी ही मापात पाप करणाऱ्यांची आवडती देवी. सकाळच्या गिऱ्हाइकाला कमी आणि संध्याकाळच्याला जास्त, साहेब, महिन्याच्या अखेरीला बरोबर जमतं बघा, हे त्याने जन्मभर ऐकून घेतलं होतं. तीन महिने. म्हणजे तीन महिने तो चालत होता, जेवत होता, पेपर वाचून सरकारला नावं ठेवत होता, आणि आतमध्ये कुणीतरी काट्याला खालून बोट लावून बसलं होतं. बाहेरच्या बाकावर बायको त्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि बाटलीतलं पाणी पीत होती. डॉक्टरीणबाई सांगत होती, घरी एक मशीन घेऊन ठेवा, सकाळी उपाशीपोटी बघा, जेवणानंतर बघा, आणि पुढच्या वेळी येताना आकडे घेऊन या, त्यावरूनच गोळ्या ठरवायच्या आहेत, आणि साखर आटोक्यात येईपर्यंत डोळ्याला हात लावायचा नाही. “मशीन कुठलं घेऊ?” त्याने विचारलं. “कुठलंही चालेल,” ती म्हणाली. कुठलंही. हा शब्द त्याच्या खात्यात नव्हता. त्याच्या खात्यात मखमलीचं अस्तर लावलेली एक पेटी होती, तिच्यात पितळी प्रमाण वजनं होती, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीने निजवलेली, आणि त्यांना उघड्या हाताने शिवायची मनाई होती. बोटाचा घाम लागतो, घामाचं वजन होतं. चिमट्याने उचलायचं, चिमट्यानेच ठेवायचं, आणि तेवढा वेळ श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. त्या पेटीसमोर गावातले बडे बडे व्यापारी घाम पुसत उभे राहत. आता त्याला घाम येत होता, आणि समोर पेटी नव्हती, कुठलंही होतं.

औषधवाल्याने प्रेमाने पुढे सरकवलेल्या मशीनला आकड्याखाली एक दिवा होता. “हे बघा, काका, चष्म्याची कटकट नाही. शुगर नीट असली की हिरवा, थोडी वाढली की पिवळा, जास्त झाली की लाल. लहान मूलसुद्धा सांगेल.” त्याने ते खोकं पालीला सारावं तसं एका बोटाने दूर सारलं. “हे नको,” तो म्हणाला. का नको ते सांगायचं तर औषधवाल्याला मागच्या गॅलरीत न्यावं लागलं असतं, जुन्या घराच्या, जिथे वडील सकाळी सगळ्यांच्या आधी उठून स्पिरिटचा दिवा लावत. तेव्हा मशीन नव्हतं, बोट टोचणं नव्हतं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब सोडायचे, चिमट्यात धरून नळी दिव्यावर तापवायची आणि रंग बघायचा. निळं राहिलं तर सुटलो. हिरवं म्हणजे थोडी साखर, पिवळं म्हणजे बरीच, आणि विटेसारखं लाल झालं तर त्याच्या पुढे बोलायचं नाही. आतून आई विचारायची, “काय आलं हो?” आणि वडील नळी उजेडासमोर धरून, मान जरा तिरकी करून सांगायचे, “हिरवट आहे.” नळीत वीट असायची. धडधडीत वीट. तो नोकरीला नुकताच लागलेला होता, दाढीचं पाणी घ्यायला गॅलरीत आला होता, आणि त्याने ती डोळ्यांनी बघितली होती. वडील शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. जांभळ्याला वांगी म्हटलं म्हणून ज्यांनी पोरांच्या पाठीत पट्ट्या घातल्या त्या माणसाला वीट हिरवी दिसत होती, रोज दिसत होती, आणि आई आतून “बरं झालं बाई” म्हणून वडिलांच्या चहात साखर घालत होती. गॅलरीत स्पिरिटचा, तापल्या काचेचा आणि कशाचा तरी गोडसर वास राहायचा, तो पुढे पडद्यांना लागला तो कधी गेला नाही. मग वडिलांच्या डाव्या पायाला चप्पल चावली. अंगठ्याला एवढीशी जखम. ‘हिरवट आहे’ म्हटल्याने ती बरी झाली नाही. पुढे पुढे घरात एकच चप्पल झिजायला लागली, उजवी, आणि डावी तिच्या शेजारी नवीकोरी बसून राहायची; आई रोज दोन्हींवरची धूळ झटकायची. हे सगळं त्या दिव्यात होतं. हिरवा, पिवळा, लाल. “मला नुसता आकडा दाखवणारं द्या,” तो म्हणाला. “आणि एक नको, दोन द्या. दोन वेगवेगळी.” “दोन कशाला?” “काट्याला काटा लावून बघायचा असतो,” तो म्हणाला. औषधवाल्याने तपासणीच्या सुयांची डबी आणि पट्ट्यांच्या डब्या पिशवीत टाकल्या. “आणि हे बरोबर दाखवतात की नाही हे तपासायचं काही मिळतं का?” “मिळतं. एक बाटली येते, तिच्यात आधीच मोजून साखर घातलेली असते. पण ती मी ठेवत नाही, काका. आजवर कुणी मागितली नाही.” ही देशाची अवस्था, असं त्याच्या मनात आलं, पण मागे पुन्हा कुणीतरी खोकत होतं.

घरी आल्यावर दोन्ही मशीन जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली गेली आणि तशीच राहिली. त्याने त्यांची माहितीपत्रकं वाचली, अगदी ज्या भाषा त्याला येत नव्हत्या त्यांतलीसुद्धा नजरेखालून घातली. बॅटरी घातली, काढली, पुन्हा घातली. तारीख लावली. पट्टी सरकवली की पडद्यावर एक थेंब लुकलुकायला लागायचा, रक्त द्या, रक्त द्या, असा, आणि तो पट्टी काढून घ्यायचा. सुईला तो भीत नव्हता, हे त्याने स्वतःला बजावून सांगितलं. भीती आकड्याची होती, आणि आकड्याचीही नव्हती. आपण आकडा बघू, मान जरा तिरकी करू आणि काहीतरी म्हणू, ह्याची होती. म्हणून आधी मशीन तपासलं पाहिजे, हे त्याने ठरवलं होतं आणि ते बिनतोड होतं. सकाळी अंघोळीला जाताना तो पायाची बोटं एकेक करून बघायचा. डावा अंगठा दोनदा. पाय बधिर झालेत का हे कळायला त्याने टाचेला चिमटा काढून बघितला, कळ आली, समाधान झालं, मग ती कळ पूर्वीइतकीच होती का, असा प्रश्न पडला, आणि पूर्वीच्या कळेचं प्रमाण कुठे ठेवलेलं नव्हतं. मध्येच मेहुण्याचा फोन आला. बायकोचा थोरला भाऊ, शुगरमधला जुना माणूस. त्याला बातमी कुणी दिली देव जाणे. “या, या, आमच्यात या,” मेहुणा म्हणाला, क्लबात घेतल्यासारखं. “माझी आज एकशे बेचाळीस. काल एकशे अडतीसवर गेलो होतो. आमच्या बाबांना होती, आत्याला होती, मला आहे. घराण्यात सुटली ती एकटी तुमची बायको. तुम्ही काळजी करू नका, मी येतो आठ दिवस, सगळं लावून देतो.” मागच्या वेळी मेहुणा रक्तदाबासाठी सगळं लावून द्यायला आला होता तेव्हा त्याने मिठाची बरणी वरच्या फळीवर नेऊन ठेवली होती आणि पहाटे सगळ्यांना उठवून गच्चीवर हात वर करायला लावले होते, शेजाऱ्यांना वाटलं, चोर आले. “मशीन तपासून झाली की कळवतो,” तो म्हणाला. “तपासून? अहो, टोचायचं आणि मोकळं व्हायचं.” “तुमचं काय जातंय,” असं तो म्हणाला नाही, पण फोन ठेवल्यावर तेच वाक्य बराच वेळ तोंडात घोळत राहिलं. डॉक्टरीणबाईकडे जायचा दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवला होता. गोल बायकोने केला होता, जरा जाडच.

त्या सकाळी बायको ओट्याशी चहा करत होती. त्याच्या कपात आता साखर नसायची, स्वतःच्या कपात ती घालत होती, आणि चमचा कपात फिरल्याचा जो आवाज पूर्वी त्याला ऐकूसुद्धा येत नसे तो आता थेट हिरड्यांत लागत होता. मोतीबिंदूच्या डोळ्याने बघितलं तर ती खिडकीच्या उजेडात विरघळल्यासारखी दिसायची. “काय हो,” ती पाठमोरीच म्हणाली, “ही दोन बाळं नुसती न्हाऊमाखू घालायला आणलीत का? आज तरी टोचून घ्या. परवा ती बाई आकडे मागेल तेव्हा काय देणार, तुमचं भाषण?” “तपासल्याशिवाय टोचणार कसं?” “आणि टोचल्याशिवाय तपासणार कसं?” “त्याला प्रमाण लागतं.” “प्रमाण म्हणजे काय ते आता सांगूनच टाका एकदा.” “ज्याचं माप आधीच ठाऊक आहे असं काहीतरी. त्याच्यावर लावून बघायचं. तिथे काटा बरोबर आला की मग बाकीच्यांवर भरवसा.” ती वळली, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि तिने उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. “मग माझं घ्या. मला काय धाड भरलीय.” त्याने तिच्याकडे बघितलं आणि त्याला वाटलं, हे आपल्याला इतके दिवस कसं सुचलं नाही. खरं तर त्याचं प्रमाण तीच होती. भाजीत मीठ किती, शर्ट बरा की वाईट, अमुक माणूस सरळ की वाकडा, हे सगळं त्याने संसारात तिच्या चेहऱ्यावर ठेवून तोललं होतं; तिच्या भुवया समपातळीत राहिल्या की पास. खात्यातली पेटी त्याने निवृत्त होताना परत केली, पण ही घरीच होती. “खाल्लं नाहीस ना काही?” “तुमच्याआधी मी कधी खाल्लंय?” त्याने तिचं बोट धरलं. चिमटा असता तर त्याने चिमट्याने धरलं असतं. शिवणाच्या सुईने टोकाला खरखरीत झालेलं बोट, जरा गार. तिच्या अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला होता. तो त्याने आधीही बघितला होता. तिने डोळे मिटले नाहीत. थेंब आला, पट्टीने तो पिऊन टाकला, आकडे उलटे मोजले गेले आणि पडद्यावर दोनशे एकोणसत्तर उभं राहिलं.

त्याला जो आनंद झाला तो नोकरीत खोटा काटा सापडल्यावर व्हायचा त्याच जातीचा होता. “नापास,” तो म्हणाला. पंधरा टक्के कसले, हे तर दीडशे टक्के मारतंय. म्हणजे तोच बरोबर होता, म्हणजे सगळीच मशीन लबाड, म्हणजे प्रयोगशाळेतलंही लबाड असणार, आणि ती तीन महिन्यांची सरासरीसुद्धा. क्षणभर त्याचं वय झरझर कमी झालं. बायको बोट चोखत म्हणाली, “अहो, आत्ताच साखर घातली ना चहात. हाताला लागली असेल.” हे त्याने माहितीपत्रकात वाचलं होतं, चांगलं आठवत होतं, आणि विसरला होता, प्रमाण वजन उघड्या हाताने उचलल्यासारखी चूक. “जा, साबणाने धुऊन ये. पुसून कोरडे कर.” ती धुऊन आली. दुसरं बोट. दोनशे चौसष्ट. त्याने दुसरं मशीन उघडलं, त्याची पट्टी, नवी सुई, तिसरं बोट. दोनशे एकाहत्तर. दोन वेगळ्या कंपन्यांची, एकमेकांना न ओळखणारी मशीन पहिल्यांदाच त्याच्या घरात एकत्र आली होती आणि त्यांच्यात इतकी एकवाक्यता होती की तेवढी त्याने खात्यात कधी पाहिली नव्हती. त्याने मनात पंधरा टक्के वजा केले. सव्वादोनशे उरले. वीस केले. तीस केले. कुणी बघत नाही असं बघून त्याने सरळ निम्मे उडवले, तरी उपाशीपोटीच्या मानाने ते जास्तच होते. ज्या पंधरा टक्क्यांवरून त्याने औषधवाल्याकडे अपराध्याकडे बघावं तसं बघितलं होतं ते आज पासंगालाही पुरत नव्हते. पासंग. हलक्या पारड्याला खालून गुपचूप काहीतरी बांधायचं आणि काटा मध्यावर आणायचा. अंगठीचा दोरा. बोटं बारीक झाली म्हणून तिने दोरा गुंडाळला आणि अंगठी पुन्हा बरोबर बसली, आणि जन्मभर दुकानदारांच्या पारड्याखाली वाकून बघणारा तो शेजारी बसून पेपर वाचत होता. कपडे तिने स्वतःच आत घेतले, तेव्हा तो म्हणाला होता, बारीक झालीस, बरी दिसतेस. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या आला, मग तांब्याची जागा मोठ्या बाटलीने घेतली. तिच्या चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. दवाखान्याच्या बाकावर ती त्याची पिशवी सांभाळत पाणी पीत होती, आणि आत त्याची तीन महिन्यांची सरासरी चालली होती. खात्यात पेटीलाही एक नियम होता. प्रमाण वजनंसुद्धा ठरल्या मुदतीने वर पाठवावी लागत, त्यांच्याहून थोर वजनांशी लावून बघायला, कारण पितळही वापराने झिजतं आणि जे झिजतं ते दिसत नाही. ही पेटी त्याने वर कधी पाठवलीच नव्हती. तिच्यावर सगळ्यांना तोललं, तिला कुणावर तोललं नाही.

“काय आलं हो?” बायकोने विचारलं.

तिचा चष्मा ओट्यावर राहिला होता. मशीन त्याच्या हातात होतं, पडदा त्याच्याकडे. वाक्य अगदी तेच होतं, आवाजाची चढणसुद्धा तीच, आणि त्याच्या लक्षात आलं की आपली मान जरा तिरकी झालेली आहे. तोंडात शब्द तयार होता, गोडसर, जुन्या पडद्यांच्या वासाचा. काही नाही, मशीनच बिघडलंय, असं म्हणायचं. की जरा आहे, पण विशेष नाही, असं. ती “बरं झालं बाई” म्हणाली असती आणि चहा प्याली असती. तो थंड होत होता, साय धरायला लागला होता. तिच्यासाठीच म्हणायचं, असंही त्याला वाटलं, आणि वडिलांनाही आईबद्दल नेमकं हेच वाटलं असेल, हेही त्याच वेळी वाटलं. एवढ्या वर्षांत वडिलांविषयी त्याला पहिल्यांदाच काहीतरी कळलं आणि ते कळायला ही वेळ अगदीच गैरसोयीची होती. त्याने मान सरळ केली. “दोनशे एकाहत्तर,” तो म्हणाला, आणि मशीन फिरवून तिच्यासमोर धरलं. तिने ते हातभर लांब नेलं, जवळ आणलं, पुन्हा लांब नेलं. “हे माझं?” “तुझं.” “नापास म्हणालात ना मघाशी?” “मशीन पास झालं,” तो म्हणाला. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. मग त्याने पहिल्या मशीनला पट्टी लावली, नवी सुई घातली आणि स्वतःच्या बोटाला लावून दाबली. इतके दिवस ज्यासाठी जगातलं सगळं विज्ञान तपासून झालं होतं ते एका टिचकीत झालं आणि दुखलंही नाही. एकशे अठ्ठ्याहत्तर. त्याने मोठ्याने वाचलं. बायकोने दोन्ही मशीन शेजारी शेजारी ठेवून आकडे बघितले. “म्हणजे मी तुमच्या वर.” “बरीच.” “चला,” ती म्हणाली, “कशात तरी.” तिने आपल्या चहावर बशी पालथी घातली, अगदी हळू, खाली कुणी निजलेलं असावं तशी. मग अंगठी बोटातल्या बोटात फिरवत बसली. तो तिच्या पायांकडे बघत होता. टेबलाखाली तिच्या चपला दोन्ही होत्या, दोन्ही सारख्या झिजलेल्या, आणि त्या तशाच सारख्या झिजत राहाव्यात एवढं एकच त्याला हवं होतं. परवा डॉक्टरीणबाईकडे दोघांनी आत जायचं, बाकावर कुणी बसायचं नाही, हे कसं सांगावं ते तो जुळवत होता. “एक मागू का तुमच्याकडे?” ती म्हणाली. अशा वेळी माणसं काय मागतात ते त्याला माहीत होतं. मुलीला सांभाळा, मला दवाखान्यात ठेवू नका, माझ्या आधी जाऊ नका. जे मागेल ते द्यायचं, त्यात एक टक्काही इकडेतिकडे करायचं नाही, असं त्याने ठरवलं. “माग,” तो म्हणाला.

“दादाला एवढ्यात कळवू नका. आठ दिवस राहायला येईल.”